रात्रीची भूक ही खोड नव्हे

तीन महिन्यांचं बाळ रात्री दोन-तीनदा उठू लागलं की घरात निदान ठरलेलं असतं: त्याला अंगावर पिण्याची सवय लागली आहे. उपायही ठरलेला. निजवताना वरच्या दुधाची बाटली द्या, नाहीतर नाचणीची पातळ पेज भरवा. पोट जड झालं की सकाळपर्यंत हूं की चूं करणार नाही. सांगणाऱ्याला बाळंतिणीची झोपमोड बघवत नाही, म्हणूनच हा सल्ला सहज पटतो. पण तो दोन गृहीतांवर उभा आहे: रात्रीचं उठणं ही सवय आहे आणि पोट भरलं की झोप टिकते.

पहिलं गृहीत शरीरापुढे टिकत नाही. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं, कारण पोट लहान आणि आईचं दूध पचायला हलकं. दिवस-रात्र ओळखणारं शरीरातलं घड्याळ पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू लागतं; त्याआधी बाळाच्या लेखी रात्र नसतेच. शिवाय दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनची पातळी आईच्या शरीरात रात्री अधिक असते. सुरुवातीलाच रात्रीचं पाजणं तोडलं तर दिवसाचं दूधही कमी होऊ शकतं, आणि मग ‘दूध पुरत नाही’ म्हणून आणखी एक बाटली येते. ‘पीडिॲट्रिक्स’मध्ये 2018 साली आलेल्या कॅनडातल्या अभ्यासात सहा महिन्यांची 38 टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, तरी त्यांचा विकास इतरांपेक्षा मागे आढळला नाही. दहातली जवळपास चार बाळं जे करतात, त्याला बिघाड कसा म्हणायचा?

दुसऱ्या गृहीताच्या, म्हणजे पेजेच्या, बाजूने मात्र काहीच पुरावा नाही असं म्हणणं अप्रामाणिक ठरेल. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे 1,300 बाळांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांपासून अंगावरच्या दुधासोबत घन आहार मिळालेली बाळं सहाव्या महिन्यात रात्री जास्त झोपत होती. किती जास्त? सुमारे 17 मिनिटं. एवढ्यासाठी, पाण्याची आणि वाटी-चमच्याची स्वच्छता रोज सांभाळणं कठीण असलेल्या घरात, सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधाने जुलाबापासून मिळणारं संरक्षण सोडायचं का? जागतिक आरोग्य संघटना सहा महिने केवळ आईचं दूध, तेही दिवसा-रात्री मागेल तेव्हा, द्यायला सांगते.

रात्र बदलायची तर हात दिवसाला घालावा. सकाळी बाळ उजेडात असावं, दिवसा घरातले आवाज नेहमीसारखे चालू द्यावेत. दिवसाची झोप फार लांबली तर उठवून पाजावं. तीन-चार महिन्यांनंतर बाळ इकडेतिकडे बघत अर्धवट पितं आणि उरलेली भूक रात्री भागवतं. म्हणून शांत खोलीत बसून पोटभर पाजणं हा दिनक्रमाचा गाभा आहे. संध्याकाळी थोड्या-थोड्या वेळाने मागितलं तर द्यावं. रात्री मंद दिवा, बोलणं-खेळवणं नाही, लंगोट भिजल्याशिवाय बदलणं नाही. सहा महिन्यांनंतर वजन नीट वाढत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर रात्रीचं एकेक पाजणं दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटांनी आखूड करत न्यावं. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे लागू नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप उरतो: सकाळी कामावर जायचं त्या बाईने काय करावं? तो जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका मुलं निजून राहावीत म्हणून त्यांना अफूच्या बाळागोळ्या देत. त्यांना दोष देऊन भागत नाही. पाळीचा भोंगा बाळासाठी थांबत नव्हता. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण ऊस तोडणारीच्या किंवा चार घरची धुणीभांडी करणारीच्या हाती ती पडत नाही. बाळाने रात्री झोपावं ही मागणी मुळात आईला विश्रांती मिळावी म्हणून असते, तर ती थेट आईसाठीच करावी. पहाटेचं पाणी नवऱ्याने भरावं, डबे सासूने किंवा दिराने करावेत, पाजून झालं की ढेकर काढायला बाळ दुसऱ्या कुणी खांद्यावर घ्यावं. तेवढ्यात तिला तासाभराची झोप मिळते आणि बाळाचं पाजणंही चुकत नाही.