पडद्यावरचा खेळ आणि गावचे मैदान

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या मच्छीमार गावांत पावसाळी बंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि संध्याकाळी हाताला काम नसते. २६ जुलै २०१४ रोजी, नेमक्या अशाच दिवसांत, मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या मातीत खेळलेला खेळ दूरचित्रवाणीवर झळकला. प्रेक्षकमोजणीनुसार पहिल्याच मोसमात ४३ कोटींवर लोकांनी तो पाहिला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. १९९० पासून आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने भारताला सुवर्णपदके मिळवून दिली. परंतु पदकांना जे साधले नाही, ते पडद्याने साधले.

खेळ तोच होता. बदलली ती पाहण्याची रीत. मैदानाच्या कडेला दाटीने उभ्या असलेल्या प्रेक्षकाला चढाई फसली एवढेच कळे. आता घोट्यावर पडलेला हात आणि मध्यरेषेला जेमतेम लागलेले बोट त्याला पुनःपुन्हा पाहता येते. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आणि दोन निष्फळ चढायांनंतरची ‘करो या मरो’ची तिसरी चढाई यांमुळे वेळ काढण्याला वाव उरला नाही.

परदेशात पोकर या पत्त्यांच्या खेळाचे असेच झाले. हातातली पाने झाकलेली असल्याने तो पाहणे कंटाळवाणे होते. १९९९ मध्ये ब्रिटनमधील ‘लेट नाइट पोकर’ या कार्यक्रमाने टेबलात काच बसवून खालून ती पाने प्रेक्षकांना दाखविली. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस इंटरनेटवरील ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. ते दृश्य घरोघरी पाहिले गेले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ते ८,७७३ झाले.

या दोन लोकप्रियतांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. पोकरचा आकडा खेळाडूंचा आहे, कबड्डीचा प्रेक्षकांचा. पोकरच्या प्रेक्षकाला खेळाडू होण्यास संगणक आणि खिशातील पैसे पुरले, आणि त्या सुलभतेतच त्याचा धोकाही होता. कबड्डीच्या प्रेक्षकाला मैदान लागते, सहा सोबती लागतात, मार्गदर्शक लागतो. हे जेथे नाही तेथे पाहणारा पाहणाराच राहतो. इतकेच नव्हे, तर पैसे भरून काल्पनिक संघ रचण्याच्या मोबाइलवरील खेळांनी त्याला खेळाडू करण्याऐवजी बाजी लावणारा करून टाकले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली हे योग्यच झाले. तथापि बंदीने मोकळी झालेली संध्याकाळ मैदानावर जाईल, असे कोणी समजू नये.

लीगने खेळाडूंना प्रतिष्ठा व उपजीविका दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. २०१४ च्या लिलावातील सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजारांची होती; २०२३ मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. पण हा ओघ शिखरावरच थांबला, तर पायथा कोरडा राहील. महिलांच्या वाट्याला तर २०१६ ची तीन संघांची एक छोटी स्पर्धाच आली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या मुलींच्या देशाला हे शोभणारे नाही.

मोठे सामने आता मॅटवर, पायांत बूट घालून होतात. मातीत अनवाणी वाढलेल्या मुलाला तेथे पाऊल टाकणेही नव्याने शिकावे लागते. कोकणात चार महिने मैदानच पाण्याखाली असते. तेव्हा प्रत्येक तालुक्यात छपराखाली एक मॅट, प्रसारणाच्या उत्पन्नातून जिल्हा संघटनांना ठरावीक वाटा आणि मुलींची स्वतंत्र लीग या तीन गोष्टी शासनाने व कबड्डी संघटनांनी मनावर घ्याव्यात. पडद्याने खेळाची गोडी लावली; मुलांना खेळायला जागा देणे हे पडद्याचे काम नव्हे. ते समाजाचे आहे.