माडीवरची खोली

वैशाख सरत आला, की भिवापुरातील मिरचीच्या सातऱ्यांवरची गडबड ओसरते आणि घरोघरी सोयरिकींचा विषय निघतो. यंदा माझ्या दारी आलेला विषय मात्र बायोडाटाच्या पाकिटातून आलेला नव्हता.

ओळखीतील एक तरुण व्यापारी. पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली. मुलगी नऊ वर्षांची. चैत्रात शेजारच्या घरी, आपल्या मावशीकडे, नागपूरची एक चित्रकार मुक्कामास आली. वृत्तीने स्वच्छंद. भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून ती सातऱ्यावर जाऊन बसे आणि लाल ढिगांपुढे देठ खुडणाऱ्या बायांची रेखाटने करी. मुलगी तिच्यामागे जाऊ लागली. मुलीला बोलावण्याच्या निमित्ताने वडीलही जाऊ लागले. लहान गावात एवढे पुरते.

वडीलधाऱ्यांनी अखेर होकार दिला, पण एका अटीवर : लग्नानंतर चित्रे बंद. “पोरीला आई हवी आहे, ताई. चित्रकार घेऊन काय करू?” असे त्या गृहस्थांच्या मातोश्री मला म्हणाल्या. त्यांचे दुःख मला कळते. तीन वर्षे नातीची वेणी त्यांच्याच थरथरत्या हातांनी घातली आहे. तरीही ती अट मला पटली नाही, आणि का पटली नाही हे सांगताना मला देवासचे एक घर आठवले.

कुमार गंधर्व क्षयरोगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची शुश्रूषा करणाऱ्या भानुमतीबाई स्वतः गायिका होत्या. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या गेल्या. थोरला मुकुल तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. पुढच्या वर्षी कुमारजींचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. जमशेदपूरला जन्मलेल्या, कलकत्त्यात वाढलेल्या वसुंधराताईंनी लहानपणीच कुमारजींचे गाणे ऐकले होते आणि तेच शिकायचे असा ध्यास घेतला होता. १९४६ साली त्या मुंबईस आल्या आणि प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकल्या. म्हणजे दोन आईविना मुलांच्या घरात त्या आल्या, तेव्हा गाण्याशी त्यांचे नाते विवाहाहून कितीतरी जुने होते.

ते नाते उंबऱ्याबाहेर ठेवून या, असे त्या घराने त्यांना सांगितले नाही. मुले वाढली, कलापिनी जन्मली, आणि पतिपत्नींनी मिळून गायिलेली निर्गुणी भजने आजही घरोघरी ऐकली जातात. सारे गोडच होते असे मी म्हणणार नाही. थोर गायकाच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे गाणे लोकांना उशिराच ऐकू येते. त्यांना पद्मश्री मिळाली ती २००६ साली, सत्तरी उलटल्यावर आणि कुमारजींना जाऊन चौदा वर्षे झाल्यावर.

परंतु मातोश्रींना मी सांगितले ते याच्या पुढचे. मुकुल यांचे चिरंजीव भुवनेश आज नावाजलेले गायक आहेत. नात्याने ते भानुमतीबाईंचे नातू. गाणे मात्र शिकले वसुंधराताईंकडे. त्या घरात आलेल्या स्त्रीला गाणे सोडायला लावले असते, तर त्या नातवाला आजीकडून काय मिळाले असते? गरम पोळी खचितच मिळाली असती.

मातोश्री बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिचीही एक अट आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?”

मला ठाऊक नव्हते. माडीवरची उत्तरेच्या खिडकीची खोली तिने मागितली आहे. तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो, असे तिचे म्हणणे. खोलीत आज मिरचीची पोती आहेत, आणि त्या ठसक्यात कोणी घटकाभरही बसू शकत नाही. पोती हलवायची तर बाजारात गोदाम भाड्याने घ्यावे लागेल. “वर्षाचे भाडे किती होते, हिशेब आहे का त्या बाईला!” मातोश्री म्हणाल्या. व्यापाऱ्याच्या घरातील बाई. हिशेब त्यांना चुकत नाही.

काल त्यांच्या घरावरून जात होते. माडीची ती खिडकी उघडी होती. खाली ओसरीवर हमालाशी गोदामाच्या भाड्यावरून घासाघीस चालली होती, आणि ती मातोश्रीच करीत होत्या.