विठ्ठल 'कानडा' म्हणजे नेमका कोण? एका शब्दाचे अनेक अर्थ, मूर्तिजापूरशीही नाते

आषाढी जवळ आली की 'कानडा राजा पंढरीचा' हे गाणे घरोघरी वाजू लागते. 'झाला महार पंढरीनाथ' (1970) या चित्रपटासाठी ते ग. दि. माडगूळकरांनी लिहिले. सुधीर फडके यांच्यासोबत ते गायले पं. वसंतराव देशपांडे यांनी, ज्यांचा जन्म 1920 मध्ये मूर्तिजापूरचा. गाणे अनेकांना पाठ आहे. पण 'कानडा' म्हणजे काय, असे विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात.

सीमावाद तापला की हा शब्दही भांडणात ओढला जातो. एक बाजू म्हणते, विठ्ठल कर्नाटकचाच. दुसरी म्हणते, या शब्दाचा कन्नडशी काही संबंध नाही, अर्थ फक्त 'अगम्य'. दोघेही अर्धेच सांगतात.

शब्द आला कुठून?

माडगूळकरांच्या कितीतरी आधी, ज्ञानेश्वरांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आहे. त्याला लागूनच 'कर्नाटकू' हा शब्दही येतो. निरूपणकार 'कानडा' म्हणजे न आकळणारा आणि 'कर्नाटकू' म्हणजे नाटक करणारा, लीला दाखवणारा, अशी फोड करतात. अर्थ सुंदर आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण हे दोन शब्द शेजारी बसवताना प्रदेशाचा अर्थ कवीच्या मनात नव्हताच, हे पटणे कठीण आहे.

मग एका भाषेच्या नावाला 'न कळणारा' हा अर्थ कसा चिकटला? उत्तर सोपे आहे. मराठी माणसाच्या कानावर रोज पडणारी, पण न समजणारी भाषा म्हणजे शेजारची कानडी. तुकारामांच्या गाथेत एक गमतीदार अभंग आहे. बायको कानडी, नवरा मराठी आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. ती कानडीत जवळ बोलावते, तर हा पळ काढतो! म्हणजे 'अगम्य' हा अर्थ 'कन्नड' या अर्थाला बाजूला सारत नाही, तो त्यातूनच निघतो. एक नाकारून दुसरा ठेवता येत नाही.

मंदिरात काय पुरावा?

पंढरपूरच्या मंदिरात होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला 1237 चा शिलालेख आहे. तो संस्कृत आणि कानडीत असून त्यात गावाचे नाव 'पंडरगे' असे येते. देवगिरीच्या यादवांचे शिलालेखही मराठीत आहेत तसेच कानडीत आहेत. तेव्हा आजच्यासारखी राज्याची रेघ नव्हती. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचे दक्षिणेशी आणि गवळी-धनगरांशी असलेले नाते सविस्तर मांडले. त्याला 1987 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'कर्नाटक' या नावाचेही असेच आहे. 'करुनाडू' म्हणजे उंचावरचा प्रदेश, असे एक मत. काळ्या मातीचा प्रदेश, असे दुसरे. (दुसरे मत धरले तर कपाशीचा वऱ्हाडही करुनाडूच म्हणावा लागेल.) गाण्याच्या मैफलीत तर 'कानडा' हा रागप्रकार आहे. दरबारी कानडा, नायकी कानडा ही नावे रसिकांना ठाऊक आहेत.

वाद कशाला पेटतो?

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव परिसरात एका बस कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाल्याच्या आरोपानंतर दोन्ही राज्यांतील बसफेऱ्या विस्कळीत झाल्या. सीमेचा मूळ दावा महाराष्ट्राने 2004 मध्येच सर्वोच्च न्यायालयात नेला आहे. गावे कोणाची, हे तिथे ठरेल. विठ्ठल कोणाचा, हा प्रश्न त्या दाव्यात नाही आणि तेराव्या शतकातल्या विशेषणावरून सीमा आखताही येत नाही. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द कानडीतून आले म्हणून मराठी घरातले स्वयंपाकघर कर्नाटकात जात नाही.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर इथे नाते आणखी वेगळे आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. त्या हिशेबाने कानडा विठ्ठल वऱ्हाडचा जावई लागतो.