हार्ड डिस्क गेली म्हणून संगणक मोडीत का?

पेडण्यात आमच्या घरी काडी मोडलेली छत्री कोणी टाकून देत नाही. दुरुस्त करून आणखी एक पावसाळा काढतात. संगणकाची हार्ड डिस्क बिघडली की मात्र तो 'मेला' म्हणून आपण त्याला कोपऱ्यात ढकलतो. डिचोलीतील एका शिकवणी वर्गात असे चार संगणक कापडाखाली झाकलेले होते आणि चालू असलेल्या दोहोंपुढे आम्ही दहा जण. घरी संगणक असलेले पुढे बसत. मराठी शाळेतून आलेले आम्ही मागून माना उंचावत असू.

वास्तविक हार्ड डिस्क हे संगणकाचे कपाट आहे, डोके नव्हे. कामाचे टेबल म्हणजे रॅम. कपाटावाचून टेबलावर काम होते की नाही, हे मी मित्राच्या संगणकावर करून पाहिले. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक आभासी संगणक तयार केला. त्याला दोन जीबी रॅम दिली, हार्ड डिस्क मुद्दामच दिली नाही. सीडीच्या जागी डेबियन लिनक्सची लाइव्ह आयएसओ फाईल जोडली. तो सुरू झाला! लिबरऑफिसमध्ये ताळेबंद मांडला, दोन्ही बाजू जुळल्या. बंद करून पुन्हा सुरू केला, तर ताळेबंद नाहीसा. कच्च्या वहीतील नोंदी खतावणीत न उतरवता वहीच जाळावी, तसे झाले. म्हणजे पेन ड्राइव्हवर जतन करणे आलेच.

ही युक्ती नवी नाही. डिस्क नसलेल्या संगणकाला जाळ्यावरून आपला पत्ता व सुरू होण्याची फाईल मिळावी, म्हणून बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी १९८५ साली 'बूटपी' ही पद्धत मांडली. २००० साली क्लाऊस नॉपर यांची सीडीवरून चालणारी 'नॉपिक्स' आली. गोव्यातही या शतकाच्या आरंभी 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशांतून आलेले वापरलेले संगणक शाळांना देऊन त्यांवर लिनक्स चालविले होते.

कोणी म्हणेल, टॅलीला विंडोज लागते. आक्षेप रास्त आहे. पण घसाऱ्याचे तक्ते करायला टॅली लागत नाही. हात बसायला संगणक मात्र लागतो.

म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती: कोठेही संगणक मोडीत काढण्यापूर्वी एक लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून पाहावा. घसारा शून्यावर आला म्हणून वस्तूचा उपयोग संपत नाही, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये.

— तृतीय वर्ष वाणिज्य