सहा-आठ महिने साठवलेलं डिझेल ट्रॅक्टरमध्ये टाकावं का? बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातला प्रश्न

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत साखर कारखान्यांचं गाळप साधारण मार्च-एप्रिलमध्ये संपतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू होतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांच्या भरवशावर चालणारे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर मधल्या काळात थंडावतात. ट्रॅक्टर शेतीकामाला तरी निघतो, हार्वेस्टर मात्र अनेकदा जागचा हलत नाही.

यंत्र उभं राहतं, तसं त्याच्या टाकीतलं डिझेलही पडून राहतं. शेडमधला कॅन, जनरेटरची टाकी आणि विहिरीवरच्या इंजिनातही तेच होतं. हंगाम तोंडावर आला की प्रश्न पडतो, हे डिझेल वापरायचं की फेकायचं?

२०२५च्या मे महिन्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसल्या. भारत-पाकिस्तान तणावाच्या काळात देशाच्या काही भागांत पंपांवर रांगा लागल्या. इंधनाचा साठा पुरेसा आहे, घाबरून खरेदी करू नका, असं इंडियन ऑइलला ९ मे रोजी जाहीर करावं लागलं. त्याच महिन्याच्या अखेरीस बारामती-इंदापुरात अतिवृष्टी झाली. नीरा डावा कालवा फुटला आणि घरं, शेतं, रस्ते पाण्याखाली गेले. घाबरून साठवलेल्या डिझेलचा सगळ्यात मोठा शत्रू पाणीच आहे.

डिझेल किती दिवस टिकतं?

डिझेलच्या कॅनवर 'एक्स्पायरी डेट' नसते. इंधन उद्योगातला सर्वसाधारण अंदाज असा की, २० अंश सेल्सिअसच्या आसपास, बंद आणि स्वच्छ टाकीत ठेवलेलं डिझेल १२ महिने किंवा त्याहून जास्त टिकतं. तापमान ३० अंशांच्या वर राहत असेल, तर हा काळ ६ ते १२ महिन्यांवर येतो.

एप्रिल ते नोव्हेंबर म्हणजे सात महिने. त्यात चाळिशीपार जाणारा उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा येतो. म्हणजे एका हंगामातून दुसऱ्या हंगामात गेलेलं डिझेल नेमकं काठावर असतं. ते खात्रीने चांगलंही म्हणता येत नाही आणि खात्रीने वाईटही. ते कसं ठेवलं होतं, यावर सगळं ठरतं.

डिझेल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं?

हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिझेल हळूहळू गडद होतं आणि त्यात चिकट साका तयार होतो. उष्णतेमुळे ही क्रिया वेगाने होते. तांबं, पितळ किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याशी संपर्क आला, तर ती आणखी वाढते. म्हणून गॅल्व्हनाइज्ड टाकी पाण्यासाठी चांगली असली, तरी डिझेलसाठी योग्य नाही.

त्यात पाण्याची भर पडते. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते आणि आतल्या हवेतला दमटपणा थेंबांच्या रूपात भिंतींवर जमतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. फिल्टरमध्ये सापडणारा काळपट, बुळबुळीत थर बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

डिझेलमध्ये बायोडिझेल असेल, तर ते पाणी जास्त धरतं आणि लवकर खराब होतं. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. प्रत्यक्षातलं प्रमाण सध्या खूपच कमी आहे, पण २०३०पर्यंत ते ५ टक्क्यांवर नेण्याचं सरकारी धोरण आहे. म्हणजे साठवणुकीची काळजी पुढे वाढणार आहे.

आणखी एक गैरसमज. या भागातल्या कारखान्यांमध्ये बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. पंपावरच्या नेहमीच्या डिझेलमध्ये ते नसतं.

जुन्या डिझेलचा भडका उडतो का?

नाही. जुनं झालं म्हणून डिझेल जास्त स्फोटक होत नाही. जास्त धोका असतो तो इंजिनाला.

याचा अर्थ आगीचा धोका नाही, असा मात्र नाही. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, किमान ३५ अंश असावा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापमान त्याच्या वर सहज जातं. त्यात कोणी चुकून थोडं पेट्रोल मिसळलं असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. कॅनमध्ये आधी काय होतं हे आठवत नसेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर ते डिझेल वापरू नये.

जुनं इंजिन चालवून घेतं, मग नवं का नाही?

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन किंवा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर थोडं हलकं डिझेल खपवून घेतो. धूर जास्त निघतो, इंजिन अडखळतं, फिल्टर बदलला की पुन्हा चालतं.

५० एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३पासून, तर नव्या जनरेटरना जुलै २०२३पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे यातल्या अनेक इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं कॉमन रेल तंत्रज्ञान आलं. यात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारलं जातं. पाण्याचा अंश किंवा बारीक साका आत गेला, तर नोझल आणि पंप दोन्ही खराब होऊ शकतात.

२०२५मध्ये पुणे जिल्ह्यात डिझेल लिटरमागे नव्वद रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे ३५ लिटरचा कॅन तीन हजारांचा. तो वाचवायला जाऊन नोझल गेलं, तर एका नोझलचा खर्चच अनेकदा त्याहून जास्त होतो. शिवाय ऐन तोडणीत यंत्र बंद पडल्याचं नुकसान वेगळं.

घरच्या घरी कसं तपासायचं?

टाकीच्या किंवा कॅनच्या तळातून थोडं डिझेल स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा.

- फिकट पिवळसर आणि आरपार स्वच्छ दिसत असेल, तर बहुधा ठीक आहे.
- धुरकट दिसत असेल किंवा तळाशी वेगळा थर असेल, तर पाणी आहे.
- गडद तपकिरी रंग, तळाशी साका, आंबूस किंवा कुजका वास असेल, तर वापरू नका.
- डिझेल आणि पाण्याच्या मध्ये तंतू किंवा बुळबुळीत पापुद्रा दिसला, तर बुरशी आहे. फक्त डिझेल बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल.

ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही. पण पाणी आणि साका या दोन मोठ्या अडचणी तिच्यात दिसून येतात. पुराच्या पाण्यात बुडालेला कॅन असेल, तर तो स्वच्छ दिसला तरी नव्या इंजिनात ते डिझेल टाकू नये.

वापरायचं असेल तर?

कॅन न हलवता वरचं डिझेल घ्या, तळाचं सोडून द्या. बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा आणि बरंच ताजं डिझेल मिसळून वापरा. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, जादा फिल्टर जवळ ठेवा. तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची सवय जीवघेणी ठरू शकते. एक घोट फुप्फुसात गेला तरी गंभीर न्यूमोनिया होतो. हातपंप वापरा.

खराब डिझेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. ते जमिनीत मुरून पाणी नासवतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या जुनं ऑइल घेणाऱ्यांकडे ते देता येतं.

किती साठवता येतं?

पेट्रोलियम कायदा, १९३४नुसार एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं. मात्र कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसावं. साठवून विकायचं असेल, तर नियम वेगळे आहेत.

कायद्याने इतकी मुभा असली, तरी गरजेपुरतंच घेणं फायद्याचं. हंगाम संपताना हार्वेस्टरची टाकी अर्धी सोडण्यापेक्षा भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. कॅन सावलीत, जमिनीपासून उंच आणि घट्ट बंद ठेवावा. त्यावर भरल्याची तारीख लिहावी, म्हणजे नोव्हेंबरमध्ये तो उघडताना अंदाज बांधावा लागणार नाही.