जाळी बसविणाऱ्याला ती काढताही आली पाहिजे

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातील आमच्या मायबहिणी दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती नाही, डोक्यावरचे ओझे सुटत नाही. मग कित्येकींचे अंग बाहेर येते. लाजेपोटी हे दुखणे लपविले जाते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन गावांत तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. हे १९८९ साली जगापुढे आले.

या दुखण्यावर प्लास्टिकची जाळी बसविण्याची शस्त्रक्रिया निघाली. पण जाळी मांसात रुतते, कधी मूत्राशयात घुसते. रक्त जाते, वेदना थांबत नाहीत. इंग्लंडने २०१८ मध्ये तिच्या वापराला स्थगिती दिली, पुढे जाळी काढण्यासाठी खास केंद्रे उघडली. अमेरिकेने २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसविल्या जाणाऱ्या जाळीची विक्री थांबविली. तिकडच्या पीडित स्त्रिया संघटित झाल्या, म्हणून सरकारे हलली.

आपल्या शरीरात काय बसविले हेच जिला सांगितले जात नाही, तिने दाद कोठे मागावी? म्हणून आमची मागणी आहे: प्रत्येक जाळीची नोंद रुग्णाच्या हाती मराठीत द्या. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील डॉक्टरांना ही गुंतागुंत ओळखण्याचे व जाळी काढण्याचे प्रशिक्षण द्या.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार सरकारने उचलावा असे बजावले होते. ती विश्रांती शेतमजूर बाईला आजही मिळत नाही. निदान तिच्या दुखण्याचा भार तरी सरकारने उचलावा!