घाटवाटेचे मानकरी आणि परतीची वाट

रस्त्याचा इतिहास लिहिताना तो कोणत्या गव्हर्नरच्या कारकीर्दीत झाला, हे आवर्जून नोंदले जाते. त्यावरून कोण आले, कशासाठी आले आणि शेवटी त्यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच नोंदले जाते. भायखळ्याहून लालबाग, परळ, दादर, माटुंगा असा शीवकडे जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग हे या एकांगी इतिहासलेखनाचे ठळक उदाहरण होय.

राज्यकर्त्यांच्या लेखी ही वाट प्रथम साहेबांची होती. परळची मूळची पोर्तुगीज मठाची वास्तू अठराव्या शतकात गव्हर्नरांचे निवासस्थान बनली आणि फोर्टहून परळकडे बग्ग्या धावू लागल्या. पुढे १८०५ पर्यंत डंकनच्या कारकीर्दीत शीवच्या खाडीवर बांध घालून मुंबई बेट साष्टीशी जोडण्यात आले. १८३० मध्ये माल्कमच्या कारकीर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि बेटावरची वाट सह्याद्री ओलांडून पुण्याला भिडली. दख्खनचा माल बंदरात आणि साहेबाचे सैन्य घाटावर, हा तिचा हेतू होता. १८९६ च्या प्लेगने शहर हादरल्यावर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत या वाटेचा उत्तरेकडील भाग ‘व्हिन्सेंट रोड’ म्हणून रुंद आणि सरळ झाला.

परंतु या वाटेचे खरे मानकरी निराळेच होते. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी उभारली. नंतरच्या काही दशकांत परळ-लालबागच्या वाड्यांतून धुराडी उभी राहिली. दुष्काळाने आणि सावकारीने पिचलेला घाटावरचा शेतकरी घाट उतरून आला. कोकणातला कुळवाडी गलबताने आणि आगबोटीने धक्क्याला लागला. दोघांनी चाळीतली एकच खोली वाटून घेतली. खानावळी चालविणाऱ्या बायांनी त्यांना जेवू घातले. त्यांच्या श्रमाला संघटनेचे रूप येण्यास मात्र १९७५ साली प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाची वाट पाहावी लागली.

हक्कांची भाषाही याच परिसरात घडली. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली. ती पदरात पडण्यास १८९० साल उजाडले. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी सुमारे दोन दशके संसार केला. ७ डिसेंबर १९५६ रोजी राजगृहातून निघालेली त्यांची अंत्ययात्रा जवळच्या वाटेने न जाता व्हिन्सेंट रोडने परळकडे वळून दादरच्या चौपाटीवर गेली. पुढे या रस्त्याला त्यांचे नाव लाभले. कष्टकऱ्यांनी त्या दिवशीच तो आपला करून घेतला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनी मात्र सोन्याच्या झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे कल्पिले होते : महापालिकेसाठी मोकळी जागा, म्हाडासाठी घरे आणि उरलेला मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. एका शब्दाच्या फेरफाराने शहराचा आणि कामगाराचा वाटा आटला.

आता उरलेल्या कामगारांना व वारसांना शेलू आणि वांगणी येथील घरे देऊ केली जात आहेत. ही दोन्ही स्थानके कर्जतच्या, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहेत. ज्या घाटवाटेने आजोबा-पणजोबा आले, त्याच वाटेने नातवाची बोळवण होत आहे! जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी या बोळवणीलाच विरोध केला.

उद्योग बदलतात, शहरेही बदलतात, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. गिरणी बंद पडणे हा कदाचित अर्थव्यवहार असेल. तिच्या जमिनीतून कोणाचा मनोरा उठावा आणि कोणाचे घर, हा राजकीय निर्णय असतो. तो निर्णय सरकारने घेतला, म्हणून तो सरकारला बदलताही येतो.

राज्यकर्त्यांना या रस्त्याचे ऋण मान्य असेल, तर नामफलकावर भागणार नाही. शिल्लक गिरणी जमिनींचा हिशेब जाहीर झाला पाहिजे आणि मुंबईतच घरे बांधण्याचा कालबद्ध कार्यक्रम आखला पाहिजे. कार्यकर्त्यांनी तो हिशेब चाळीचाळीतून मागितला पाहिजे. हा रस्ता सभा आणि मोर्चांनी आपला झाला. तो आपला राखण्याचा मार्गही तोच आहे.